हलवायचं नाही

फिजिओथेरपीच्या मॅडमनी ह्यांना माझ्याकडं तोंड करून कुशीवर वळवलं आणि त्या बोलता बोलता थांबल्या. मी समोरून ह्यांचा खांदा धरून उभी होते, त्यामुळं मला ह्यांची पाठ दिसत नव्हती. मॅडमचा चेहरा तेवढा दिसत होता.

"काकू, हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"काय हे?"

"इकडं येऊन बघा."

आमच्या आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, शेजारीच होत्या. त्यांच्या हातात खांदा देऊन मी पलंगाच्या त्या बाजूला गेले. कमरेच्या खाली, माकडहाडावर तळहाताएवढी जागा काळी पडली होती. कडेनं पिवळं, ओलं. वास तर आठवडाभर घरात येतच होता. लघवीचा असेल म्हणून आम्ही रोज फिनेल टाकून फरशी पुसत होतो.

"बेडसोर आहे," मॅडम म्हणाल्या. "खूप खोल गेलाय. ग्रेड फोर वाटतोय. व्यायामाचं नंतर बघू, ह्यांना आजच्या आज सर्जनला दाखवा."

बेडसोर म्हणजे एकाच अंगावर पडून पडून होणारी जखम. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडं दाबलं जातं, तिथलं रक्त बंद होतं आणि मांस मरायला लागतं. ग्रेड फोर म्हणजे शेवटची पायरी, जखम हाडापर्यंत गेलेली. पुस्तकी मराठीत त्याला शय्याव्रण म्हणतात. असल्या घाणेरड्या गोष्टीला इतकं साजूक नाव ठेवणाऱ्याला एकदा माझ्या घरी आणून ती जखम दाखवायला पाहिजे होती.

चिकलठाण्यात माझी पिठाची गिरणी आहे, खाली गिरणी आणि वर आम्ही राहतो. सगळा जन्म पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलण्यात गेला, म्हणून माझा आवाज मोठा. लिहितानाही तो लहान होत नाही. ज्यांना गोड गोड अनुभव वाचायचा असेल त्यांनी इथंच थांबावं. ज्यांच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा, तुमच्यासाठीच लिहितेय.

आमचे हे एमआयडीसीत कंपनीत होते, प्रेस मशीनवर. एके दिवशी सकाळी दाढी करता करता हातातलं रेझर पडलं आणि तोंड वाकडं झालं. आमच्याकडं म्हणतात, अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, इस्केमिक स्ट्रोक. म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. डोळे तेवढे जिवंत. शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आम्ही त्यांना तासाभरात नेलं. ते खरंच वेळेवर झालं आणि डॉक्टरांनी जीव वाचवला. त्याबद्दल त्यांचे उपकार मी नाकारत नाही. पुढं जे बोलणार आहे, ते हे मान्य करूनच बोलणार आहे.

आयसीयूतून खोलीत आणल्यावर नातेवाईक जमले. थोरले दीर, त्यांना आम्ही आबा म्हणतो, वैजापूरहून आले. मार्केट यार्डात आडत आहे त्यांची, शब्दाला मान घेऊन जगलेला माणूस. त्यांचं एकच, "इथं काय ठिवलंय? उचला अन् मुंबईला न्या." त्यांनी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि तेच विचारलं. डॉक्टर राउंडच्या घाईत होते. त्यांनी झटक्यात सांगितलं, "पेशंटला हलवायचं नाही. अजिबात नाही. मी सांगेपर्यंत हलवायचं नाही."

मी तेव्हा खाली मेडिकलवर होते. आबा खोलीत आले. चार माणसांसमोर डॉक्टरनं झिडकारलं हे त्यांना झोंबलं होतं. आपण काय विचारलं होतं ते त्यांनी सांगितलंच नाही. खुर्चीवर बसून एवढंच बोलले, "हलवायचं न्हाई म्हणले डॉक्टर. अजिबात."

बस. एवढ्या एका शब्दानं आमच्या घराची माती केली.

आता तुम्हीच बघा. आपल्या बोलण्यात पेशंटला हलवलं म्हणजे काय? दुसऱ्या दवाखान्यात नेलं. "इथून मुंबईला हलवलं", "रात्रीच पुण्याला हलवलं", असंच बोलतो ना आपण? आणि हलवणं म्हणजे जागचं जरासं सरकवणंही. डॉक्टर पहिलं बोलले. आक्कांनी दुसरं ऐकलं.

आक्का फुलंब्रीच्या. लवकर विधवा झाल्या आणि धाकट्या भावाला त्यांनीच सांभाळलं, आईच्या जागी. त्या खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या त्या बसल्याच. ह्यांच्या अंगाला कुणी हात लावला की त्यांचा आवाज यायचा, "डाक्टरनं हलवायचं नाय म्हनलंय!" उशी सरळ करायला गेलं तरी तेच. चादर बदलायला एक पोरगेलीशी सिस्टर आली, तिलाही तेच. मी एकदा म्हणाले, "आक्का, माणूस एकाच अंगावर किती वेळ पडेल? आपल्याला झोपेतसुद्धा कूस लागते." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी नवऱ्याच्या जिवावर उठले होते.

"तू डाक्टर हायेस का? त्याच्या डोस्क्यात गुठळी हाय. हलली तं?"

गुठळी हलली तर? खरंच हलली तर? मी गिरणी बघायला, डबा करायला घरी गेले. दिवसा गिरणी, संध्याकाळी दवाखाना, असंच चाललं होतं माझं.

मला त्या सिस्टरचा राग येतो. तिला शिकवलेलं असतं, दर दोन तासांनी पेशंटची पोझिशन बदलायची, म्हणजे डावी कूस, पाठ, उजवी कूस. तिनं डॉक्टरांना एक फोन करून विचारायचं ना, की साहेब, नातेवाईक असं म्हणतायत, खरं आहे का? नाही. "डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ठीक आहे," म्हणून चादर तशीच ठेवून गेली. दुसरी आली, तिला पहिलीनं तेच सांगितलं. एका मजल्यावर सगळ्यांनी मिळून तो शब्द पाळला. तो मुळात कशाबद्दल बोलला गेला, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

आणि डॉक्टर? रोज यायचे. बॅटरीनं डोळे बघायचे, हात उचलून सोडायचे, फाईल चाळायचे. छातीवरची चादर कधी खाली गेली नाही. पाठ हा माणसाचा अवयवच नसल्यासारखं.

डिस्चार्ज मिळाला. स्ट्रेचरवरून घरी आणताना गल्लीतल्या लोकांनी ह्यांना दंडाला धरून उचललं, त्यात लुळा खांदा सांध्यातून उतरला आणि हलवायचं नाही हे आक्कांना आणखीच पटलं. आठ दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं. आम्ही काय केलं असेल? हलवायचं नाही ना! मग मी एकटीच फाईल घेऊन गेले. डॉक्टरांनी फाईल बघितली, बीपीचा कागद बघितला आणि म्हणाले, "छान. प्रगती चांगली आहे." पेशंट घरी सडत होता आणि फाईल छान होती! आता फिजिओथेरपी सुरू करा म्हणाले, म्हणून मॅडम घरी आल्या आणि त्यांनी ह्यांना वळवलं. तिथपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे.

त्याच दिवशी ह्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. अंगात ताप होता. सर्जननं जखम बघून मला बाजूला घेतलं. "इन्फेक्शन हाडात गेलं असेल तर अवघड आहे. रक्तात गेलं तर स्ट्रोकपेक्षा हीच जखम त्यांना घेऊन जाईल. आधी डिब्राइडमेंट करू." डिब्राइडमेंट म्हणजे मेलेलं मांस कापून काढणं. गुठळीतून वाचलेला माणूस आम्ही गादीवर ठेवून मारायला काढला होता. मी त्या कॉरिडॉरच्या भिंतीवर मूठ आपटली. लोक बघत होते. बघू देत.

ऑपरेशन झालं. जखमेत माझी मूठ बसली असती. तिथल्या वॉर्डाच्या इन्चार्ज नसीम सिस्टर होत्या, जिभेच्या फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आणि आक्कांना पलंगाच्या दोन बाजूंना उभं केलं. आक्का लगेच म्हणाल्या, "पन डाक्टरनं त्याला हलवायचं नाय म्हनलं व्हतं." सिस्टरनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कौन बोला? कब बोला? किसकू बोला?"

मी आबांना तिथूनच फोन लावला. स्पीकरवर. "आबा, तुम्ही डॉक्टरांना नेमकं काय विचारलं होतं?" आबा आधी आढेवेढे घेत होते. मग बोलले, "मुंबईला न्यायचं का म्हणून विचारलं. त्याच्यावर ते म्हणले, हलवायचं न्हाई."

आक्का मटकन खाली बसल्या. सिस्टर त्यांच्याशेजारी वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "अरे मावशी, दवाखान्यातून हलवायचं नै म्हणलं ते. करवट तो देना पडती ना! दोन अलग चीजा हैत." कूस बदलायला उर्दूत करवट हा वेगळा शब्द आहे, त्यात घोळ होत नाही. त्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर एवढा एक शब्द जास्त बोलले असते तर, असं मला अजून वाटतं.

आक्का खाली बसूनच बोलल्या, "म्या त्याच्या अंगावरली माशीसुदिक जपून हाकलली गं. हलू नये म्हून."

मला त्यांची कीव आली, खोटं सांगत नाही. आणि त्याच घडीला त्यांचा गळा धरावासाही वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं माणसाला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पण एकट्यानं ह्यांना वळवता येत नव्हतं. त्यामुळं आम्हा दोघींना एकाच चादरीला धरून उभं राहावं लागायचं. सिस्टरनी शिकवलं ते सांगते, नीट ऐका.

माणसाला दंडाला, काखेत, पायाला धरून ओढायचं नाही. ओढलं की कातडं गादीला चिकटून राहतं आणि आतलं मांस पुढं सरकतं. त्याला शिअर म्हणतात. जखम दिसायच्या आधी आत अशीच फाटते. खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर खाली घालायची, ती ड्रॉशीट. दोघींनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, पेशंटला सांगायचं की आता वळवतोय, आणि एकदम उचलून सरकवायचं. पेशंटला बोलता येत नसलं तरी सांगायचं. तो लाकूड नाही.

कुशीवर केलं की पूर्ण आडवं नाही करायचं, थोडंसं कलतं, पाठीला उशी. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटरीखाली उशी अशी की टाच अधांतरी राहील, कारण टाचही सडते. लुळा हात खाली लोंबकळू द्यायचा नाही. लाल झालेली जागा चोळायची नाही. आम्ही घरी लाल झालेल्या टाचा खोबरेल लावून चोळत होतो! आणि ऑपरेशननंतर आक्कांनी जुन्या लुगड्याची चुंबळ करून ह्यांच्या बुडाखाली ठेवली होती, पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशी, जखमेला वारा लागावा म्हणून. नसीम सिस्टरनी ती उचलून कचऱ्यात टाकली. चुंबळ गोल दाबते, मधल्या जागेचं उरलंसुरलं रक्तही तोडते. बाजारात रबराची रिंग मिळते ना, ती पण तसलीच. हवेची गादी घ्या, पण ती घेतली म्हणजे कूस बदलायची सुटका झाली असं समजू नका.

आणि रोज, न चुकता, उजेडात, चादर काढून पाठ बघा. कुणाला लाज वाटली तर वाटू द्या.

दिवसातून कितीतरी वेळा मी आणि आक्का समोरासमोर. "एक, दोन, तीन," मी म्हणायचे. त्या "हं" म्हणायच्या. ह्याच्यापलीकडं एक शब्द नाही. सुरुवातीला त्या चादर भीतभीत धरायच्या. पुढं तर माझ्यापेक्षा त्याच चटपटीत झाल्या, माझी उशी चुकली की जीभ टाळ्याला लावून च्यक् करायच्या. मला त्याचाही राग यायचा.

ड्रेसिंगच्या वेळी हे डोळे मिटून घ्यायचे आणि डाव्या हातानं माझं मनगट असं आवळायचे की वळ उठायचे. बोलता येत नाही म्हणून दुखत नाही असं थोडंच असतं! तिकडं त्या खोलीत पडून मागचं मांस कुजत होतं तेव्हा किती दुखलं असेल, आणि आम्ही सगळे भोवती बसून संत्री सोलत होतो. हा विचार आला की मला जेवण जायचं नाही.

ताप उतरला. जखम लाल दिसायला लागली. लाल म्हणजे चांगलं, नवं मांस येतंय, असं सर्जन म्हणाले. हाड वाचलं होतं.

ह्यांना घरी आणायच्या आधी मी त्या पहिल्या डॉक्टरांकडं गेले. मोबाईलमधला जखमेचा फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"अहो, मी दुसरीकडं हलवू नका म्हणालो होतो. कुशीवर करू नका असं कोण म्हणेल? एवढा तर कॉमन सेन्स असतो."

"कॉमन सेन्स तुमच्याकडं राहू द्या, साहेब," मी म्हणाले. बाहेर बसलेल्या लोकांनी ऐकलं असणार. "आमच्याकडं तुमचा शब्द होता. आम्ही तो पाळला. तुमच्या सिस्टरनी पण पाळला. त्यांना तर कॉमन सेन्स होता ना? रोज दारात येत होतात. एकदा, फक्त एकदा, चादर खाली करून बघितली असती तर?"

ते म्हणाले, "स्टाफशी बोलतो मी."

"स्टाफशी बोला. पण पेशंटच्या माणसाशी बोलाल तेव्हा अख्खं वाक्य बोला. घाई असली तरी अख्खं."

नंतर त्यांनी काय केलं मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

तुम्ही मात्र विचारा. डॉक्टर म्हणाले हलवू नका, तर विचारा: कुठं हलवू नका? म्हणाले आराम द्या, तर विचारा: म्हणजे काय करायचं आणि काय नाही? दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकू नका, मग तो घरातला कितीही मोठा असो. आबा वाईट माणूस नाही. त्यांना अपमान सांगायची लाज वाटली आणि त्या लाजेखाली अर्धं वाक्य राहून गेलं. ते हल्ली आमच्याकडं आले की ह्यांच्या पायाशी बसतात. मी चहा देते.

उपकार मानायचे तर नसीम सिस्टरचे मानते आणि त्या फिजिओच्या मॅडमचे. जखम भरायला कित्येक महिने गेले. त्यानंतर मॅडमनी व्यायाम सुरू केला, तोही पार पहिल्यापासून. डाव्या हातानं पलंगाचा कठडा धरायचा, डावा पाय लुळ्या पायाखाली अडकवायचा आणि जोर करायचा. ह्यांना जमायचं नाही. चिडायचे, उशी फेकायचे; एखादा शब्दही आता फुटायला लागला होता. मी म्हणायचे, "फेका, अजून फेका, माझ्याच हाताला काम."

परवा आक्का फुलंब्रीला गेल्या होत्या, पुतण्याच्या घरी लग्न होतं. दुपारची गिरणीवर गर्दी झाली, उन्हाळी पापडांच्या डाळीचे डबे रांगेत. घड्याळ बघितलं तर ह्यांची कूस बदलायची वेळ टळून गेलेली. पट्टा चालू ठेवून, गिऱ्हाईकाला तसंच उभं करून मी जिना चढले.

मी त्यांना पाठीवर ठेवून गेले होते. ते डाव्या कुशीवर होते. तोंड खिडकीकडं.

"कुणी वळवलं तुम्हाला?" मी ओरडलेच. "कोण आलं होतं वर?"

कठड्यावरचा हात सुटला नव्हता. बोटं पांढरी पडली होती. थोड्या वेळानं आवाज आला, घोगरा, "मी."

"मी काय मी! उशी कुठंय पाठीला? गुडघ्यात काही नाही, पाय बघा कसा पडलाय, आणि पडला असता म्हणजे खाली?" असं कायकाय बोलत मी उश्या लावल्या, सदरा वर करून पाठ बघितली. पलंगाच्या कडेला फरशीवर बसून मी पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडले. खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं.

मग आक्कांना फोन लावला. मागं लग्नाचा बँड वाजत होता.

"आक्का, हे कुशीवर झालेत."

"कुनी हलवलं त्याला?" त्यांचा आवाज एकदम घाबरा झाला. "एकटीनं हलवलं का तू?"

"कुणी नाही हलवलं. स्वतःच हलले."

त्या बँडच्या गोंधळात मोठ्यानं रडायला लागल्या, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. मी फोन कानाला लावून बसून राहिले. किती तरी महिन्यांनी मी त्यांच्याशी एवढं बोलले होते.